दोन तिकिटांमधलं अंतर

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमध्ये बोटीची तिकिटं हप्त्यांवर मिळत. कपड्यांच्या कारखान्यात मशीन चालवणारा किंवा इस्त्री मारणारा माणूस दर आठवड्याला एखाद-दुसरा डॉलर वस्तीतल्या 'बँकरा'कडे भरायचा. असे पुरेसे हप्ते झाले की बँकर हँबुर्ग किंवा ब्रेमेनहून सुटणाऱ्या बोटीचं सर्वांत खालच्या वर्गाचं तिकीट काढून ते पोस्टाने पाठवून द्यायचा, रशियन साम्राज्याच्या पश्चिम पट्ट्यातल्या एखाद्या छोट्या गावी. तिकिटावर नाव बायकोचं असे, आणि मुलं असली तर मुलांचंही. त्याआधी दोनचार वर्षांपूर्वी एक तिकीट निघालेलं असायचं, नवऱ्याचं. ते बहुधा हुंड्यातून उरलेल्या पैशातून किंवा घरातलं काहीबाही विकून काढलेलं.

या दोन तिकिटांच्या मधल्या काळात त्या लग्नाचं काय व्हायचं, हा या लेखाचा विषय आहे. बहुतेकांचं ठीक झालं. बायको आली, मुलं आली, दोन खोल्यांच्या अंधाऱ्या घरात संसार पुन्हा मांडला गेला. काहींचं मात्र झालं नाही. पैसे यायचे थांबले, मग पत्रं थांबली, मग माणूस कुठे आहे हेच कळेना. किंवा बायको येऊन पोचली आणि वर्षा-दोन वर्षांत नवरा घरातून नाहीसा झाला. स्थलांतरित ज्यू समाजात या प्रश्नाची चर्चा दीडशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे. धर्मपंडित, समाजसेवक, संपादक, कादंबरीकार आणि अलीकडे इतिहासकार असे बरेच लोक तिच्यात उतरले, आणि प्रत्येकाला प्रश्न थोडा वेगळा दिसला.

माणसं निघाली कशी

१८८१ मध्ये झार अलेक्झांडर दुसरा याची हत्या झाली आणि त्यामागोमाग रशियाच्या दक्षिण भागात ज्यूंवर हल्ल्यांची लाट आली. पुढच्या वर्षी ज्यूंच्या वस्तीवर आणि धंद्यावर नवे निर्बंध लादणारे कायदे आले. पण स्थलांतराचं कारण नुसते हल्ले नव्हते. लोकसंख्या वाढत होती, कारागिराचा धंदा कारखान्यांपुढे टिकत नव्हता, आणि राहायची मुभा ठरावीक प्रांतांपुरतीच होती. १८८१ ते १९१४ या काळात पूर्व युरोपातून सुमारे वीस लाख ज्यू अमेरिकेत गेले.

हे स्थलांतर कुटुंबांचं होतं, ही गोष्ट सायमन कुझ्नेट्स या अर्थशास्त्रज्ञाने आकड्यांनी मांडली. दक्षिण इटलीतून येणाऱ्यांत पुरुषांची संख्या प्रचंड होती आणि त्यांतले पुष्कळजण पैसे साठवून परत जात. ज्यूंमध्ये सुमारे ४४ टक्के स्त्रिया होत्या, चारांत एक मूल होतं, आणि १९०८ नंतरच्या नोंदींनुसार परत जाणाऱ्यांचं प्रमाण अगदी कमी होतं. जोनाथन सार्ना यांनी पुढे दाखवून दिलं की १९०० पूर्वी परत जाणारे बरेच जास्त होते. म्हणजे 'ज्यू कधी परत गेलेच नाहीत' हा समज खरा नाही. तरी एकंदर चित्र असं, की निघालेल्याला कायमचंच निघायचं होतं आणि घर तिकडे न्यायचं होतं.

पण घर एकदम नेता येत नव्हतं. भाड्यालाच तीस-पस्तीस डॉलर माणशी लागत. त्यामुळे आधी नवरा, मग मोठा मुलगा किंवा मुलगी, मग बाकीचे, अशी साखळी असे. आपल्याकडे कोकणातला चाकरमानी आधी मुंबईत गाळ्यात राहून मग जमलं तर बिऱ्हाड करायचा, तसलाच हिशेब. फक्त इथे मध्ये महासागर होता, आणि गणपतीला घरी जायची सोय नव्हती.

साखळी तुटायला कारणं पुष्कळ. रशियन कायद्यात विवाहित बाईला स्वतंत्र पासपोर्ट काढायला नवऱ्याची संमती लागे, आणि नवरा तर समुद्रापलीकडे. त्यामुळे अनेक बायका दलालाला पैसे देऊन मुलांसकट रात्रीतून सीमा ओलांडत. न्यूयॉर्क बंदरातल्या एलिस आयलंडवर, म्हणजे स्थलांतरितांच्या तपासणी-केंद्रावर, डोळ्यांच्या पापण्या उलटून खुपरी तपासत. एका मुलाला ती निघाली तर त्याच्यासोबत आईनेही परत फिरायचं की नाही हे तिथल्या तिथे ठरवावं लागे. एकट्या आलेल्या बाईला न्यायला कोणी आलं नाही तर तिला सोडत नसत. नवऱ्याला तार जाई, तो येईपर्यंत ती बेटावरच. ऑगस्ट १९१४ मध्ये न्यूयॉर्क राज्याने यार्मुलोव्स्की, मँडेल आणि कोब्रे यांच्या बँका बंद केल्या. लोअर ईस्ट साइडच्या हजारो ठेवीदारांचे पैसे अडकले. त्यांतले कितीतरी पैसे तिकिटांसाठी साठवलेले होते. त्याच आठवड्यात युरोपात युद्ध पेटलं आणि पुढची चार वर्षं पत्र जायची पंचाईत झाली, तिकिटाचं तर सोडाच.

युद्धानंतर दरवाजाच बंद झाला. १९२४ च्या कायद्याने पोलंडचा वार्षिक कोटा ५,९८२ इतका ठरवला. अमेरिकी नागरिकाच्या बायकोला कोट्याबाहेर येता येई. पण नवरा अजून नागरिक झाला नसेल तर तिला रांगेत उभं राहावं लागे. नवऱ्याने टाकलं म्हणून मागे राहिलेली बायको आणि कायद्याने अडवलं म्हणून मागे राहिलेली बायको या गावातून बघणाऱ्याला सारख्याच दिसतात. पुढे येणाऱ्या आकड्यांच्या वादात हे लक्षात ठेवायला हवं.

टाकलेली की अडकलेली

मराठीत अशा बाईला आपण 'टाकलेली' म्हणतो, सभ्य भाषेत परित्यक्ता. दोन्ही शब्द नवऱ्याच्या कृतीवर बोट ठेवतात. हिब्रूतला शब्द 'अगुना' वेगळ्या ठिकाणी बोट ठेवतो. त्याचा अर्थ खुंटवलेली, जखडलेली. गलबताचा नांगर या अर्थाच्या शब्दाशी त्याचं नातं लावतात. नवरा का गेला, भांडून गेला, बुडून मेला की युद्धात हरवला, याच्याशी त्या शब्दाला कर्तव्य नाही. बाई लग्नाच्या बंधनात आहे आणि ते सोडवायला समोर कोणी नाही, इतकंच तो सांगतो.

ज्यू धर्मशास्त्रानुसार लग्न दोनच वाटांनी संपतं: नवऱ्याचा मृत्यू, किंवा त्याने आपखुशीने दिलेलं सोडपत्र. या सोडपत्राला 'गेट' म्हणतात (उच्चार आपल्या फाटकासारखाच, संबंध काही नाही). धर्मपीठ गेट लिहवून घेऊ शकतं, नवऱ्यावर दबाव आणू शकतं, पण त्याच्या जागी स्वतः देऊ शकत नाही. गेट न मिळता बाईने दुसरा घरोबा केला तर त्या संबंधातून झालेली मुलं 'मामझेर' ठरतात आणि ज्यू समाजात त्यांचं लग्न जवळजवळ अशक्य होतं. पुरुषाच्या बाबतीत असं नाही. इसवी सन १००० च्या सुमाराला रब्बी गेर्शोम यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या निर्बंधाने युरोपीय ज्यूंत बहुपत्नीत्व बंद झालं आणि बायकोच्या संमतीविना घटस्फोटही. पण शंभर रब्बींच्या सह्या मिळवल्या तर पुरुषाला यातून सूट घेता येते. बाईसाठी अशी शंभर सह्यांची वाट नाही.

शास्त्र निर्दय होतं असा निष्कर्ष मात्र घाईचा ठरेल. नवऱ्याच्या मृत्यूबाबत रब्बींनी पुराव्याचे नेहमीचे नियम सैल केले. एरवी दोन साक्षीदार लागत, इथे एक चाले, आणि एरवी जिची साक्ष घेत नसत अशा बाईचीही चाले. कोव्नोचे रब्बी यित्झाक एल्हानान स्पेक्टर अशा बायकांना मोकळं करण्याच्या निवाड्यांसाठीच नावाजले गेले. पण समुद्राने पंचाईत केली होती. जुना नियम असा, की ज्या पाण्याचा पलीकडचा काठ दिसत नाही अशा पाण्यात माणूस बुडाला तर तो दुसरीकडे वर आला असेल अशी शक्यता उरते, म्हणून बायकोने थांबायचं.

गेटच्या मजकुरातली एक बाब स्थलांतराच्या संदर्भात फार बोलकी आहे. तो बारा ओळींचा असतो, खास त्या बाईसाठी हाताने लिहिलेला, आणि त्यात नवऱ्याचं आणि बायकोचं प्रत्येक नाव यावं लागतं: पाळण्यातलं, लाडाचं, लोकांनी पाडलेलं. गावाचं नाव येतं, गाव ज्या नदीवर वसलं तिचं येतं. अक्षर चुकलं तर कागद बाद. आता अमेरिकेत आलेला माणूस पहिली गोष्ट कोणती करतो? नाव बदलतो. कधी उच्चार सोपा व्हावा म्हणून, कधी मुकादमाला जमावं म्हणून, आणि कधी कोणाला सापडू नये म्हणून.

न्यूयॉर्कच्या राज्य कायद्याने पेच वाढवला. तिथे १९६६ पर्यंत घटस्फोटाला व्यभिचार हे एकच कारण चाले, आणि दावा खर्चिक. वस्तीतले रब्बी, आणि रब्बी म्हणवणारेही, स्वस्तात गेट लिहून देत. पण सरकारदरबारी त्याला किंमत नव्हती. तेवढ्यावर दुसरं लग्न केलं तर द्विभार्याविवाहाचा गुन्हा. उलट कोर्टाचा घटस्फोट मिळाला तरी सनातनी रब्बीच्या लेखी बाई बांधलेलीच. सुधारणावादी पंथाने १८६९ च्या फिलाडेल्फिया परिषदेत कोर्टाचा घटस्फोट पुरेसा मानला होता, पण पूर्व युरोपातून आलेल्या बहुसंख्य लोकांचा तो पंथ नव्हता. गरीब जोडप्याला अशा वेळी सर्वांत सोपा मार्ग उरे तो न सांगता निघून जाण्याचा. पळून जाणं म्हणजे गरिबाचा घटस्फोट, असं तेव्हाचे समाजसेवक म्हणत.

छायाचित्रांचं दालन

हा प्रश्न धर्मादाय संस्थांच्या दाराशी आला तेव्हा त्याचं रूप पालटलं. न्यूयॉर्कच्या युनायटेड हिब्रू चॅरिटीजच्या मदतीतला बराच वाटा नवरा सोडून गेलेल्या बायकांकडे जातो हे कार्यकर्त्यांच्या लक्षात आलं. या संस्था चालवणारे बरेचसे जर्मन ज्यू, दोन पिढ्या आधी आलेले आणि स्थिरावलेले. 'ज्यू पुरुष कुटुंबवत्सल' ही समाजाची ख्याती होती, आणि तिला धक्का लागला तर नव्या येणाऱ्यांवर बंधनं घालायला निमित्त मिळेल ही भीती त्यांच्या मनात होती.

१९०५ मध्ये न्यूयॉर्क राज्याने मुलांना निराधार सोडून जाणं हा गंभीर गुन्हा ठरवला, त्यामुळे दुसऱ्या राज्यातून माणसाला पकडून आणणं शक्य झालं. १९११ मध्ये नॅशनल डिझर्शन ब्यूरो सुरू झाला. काम एकच, हरवलेले नवरे शोधणं. वेगवेगळ्या शहरांतल्या संस्थांशी पत्रव्यवहार, वकील, आणि सगळ्यांत परिणामकारक साधन म्हणजे यिडिश वृत्तपत्र.

'फॉरवर्ट्स' हे १८९७ मध्ये निघालेलं समाजवादी दैनिक. अब्राहम काहान यांच्या संपादनाखाली ते घरोघरी पोचलं होतं. ब्यूरोच्या मदतीने त्यात नाहीशा झालेल्या नवऱ्यांचं 'दालन' छापलं जाऊ लागलं. ओळीने छायाचित्रं आणि प्रत्येकाखाली नाव, वय, धंदा, मूळ गाव, अंगावरची एखादी खूण. आजही ती पानं पाहताना नजर चेहऱ्यांवरच अडकते. माणसं चांगले कपडे घालून, केस नीट बसवून, कॅमेऱ्यात बघत उभी आहेत. कोणीही गुन्हेगारासारखा दिसत नाही, कारण फोटो काढला तेव्हा तो गुन्हेगार नव्हता. तो फोटो गावी दाखवायला काढलेला असावा असं मला नेहमी वाटतं.

शिकागोत, क्लीव्हलँडमध्ये, डेन्व्हरमध्ये कोणीतरी भाडेकरू किंवा कामावरचा सोबती तो चेहरा ओळखी आणि कळवी. इंडस्ट्रियल रिमूव्हल ऑफिस ही दुसरी ज्यू संस्था १९०१ पासून न्यूयॉर्कची गर्दी कमी करण्यासाठी कामगारांना देशाच्या आतल्या भागात पाठवत होती. काही नवरे तिच्याच खर्चाने नाहीसे झाले होते. दोन्ही संस्थांनी मग नोंदी ताडून पाहायला सुरुवात केली.

याच दैनिकात १९०६ पासून 'बिंटल ब्रीफ', म्हणजे पत्रांची जुडी, नावाचं सदर चाले. त्यात बायकांची पत्रं असत हे ठाऊक असतं. पुरुषांचीही होती हे कमी लोक सांगतात. १९१० मध्ये ब्लॅकवेल्स आयलंडच्या तुरुंगातून सदतीस जणांनी मिळून लिहिलं. सगळे बायकोला पोसत नाहीत म्हणून डांबलेले. त्यांचं म्हणणं, बायकांनी सूड उगवला, आणि तुरुंगात बसवलेला माणूस कमावणार कुठून? तक्रार कितपत खरी होती ते बाजूला ठेवू. शेवटच्या प्रश्नाचं चोख उत्तर मात्र तेव्हाच्या व्यवस्थेकडे नव्हतं.

इतिहासकारांचे मतभेद

समकालीन लोकांचं पहिलं स्पष्टीकरण सरळ होतं: अमेरिकेने माणूस बिघडवला. जुन्या देशातले रब्बी तर अमेरिकेला 'अशुद्ध देश' म्हणत, आणि अनेक बायकांनी याच कारणाने तिकीट हातात असून निघायला नकार दिला. गावात दबाव होता, देऊळ होतं, सासरा होता. न्यूयॉर्कात नृत्यशाळा होत्या आणि कोणी ओळखत नव्हतं. हे स्पष्टीकरण आता कोणी जसंच्या तसं मांडत नाही, पण त्यातला एक भाग टिकून आहे. रीना सिग्मन फ्रीडमन यांनी १९८२ च्या लेखात गरिबी, बेकारी, आजार आणि लांबलेला विरह ही कारणं पुढे आणली; तरी नव्या जगात नवरा-बायको वेगवेगळ्या वेगाने बदलले, ही गोष्ट त्यांनीही मान्य केली. नवरा तीन वर्षं आधी येऊन दाढी उतरवून बसलेला, बायको, विवाहितेने केस झाकायच्या प्रथेप्रमाणे, डोक्यावर विग घालून उतरलेली. त्यांच्यात पडलेलं अंतर समुद्राइतकंच तीन वर्षांचंही होतं.

दुसरी मांडणी विरुद्ध टोकाला आहे, आणि पुरावा दमदार आहे. 'हामागिद' हे हिब्रू साप्ताहिक १८५६ मध्ये पूर्व प्रशियातल्या लिक गावी सुरू झालं. त्यात हरवलेल्या नवऱ्यांच्या शोधासाठी बायकांच्या विनवण्या छापल्या जात. मार्क बेकर यांनी १८६७ ते १८७० या काळातल्या अशा मजकुराचा अभ्यास केला. म्हणजे मोठं स्थलांतर सुरू व्हायच्या एक तप आधी. हाइम स्पर्बर यांनी १८५१ ते १९०० हा पट घेऊन तेच दाखवलं. चेरान फ्रीझ यांनी रशियन साम्राज्यातल्या ज्यू विवाहांवरच्या ग्रंथात (२००२) दाखवलं की एकोणिसाव्या शतकात त्या समाजात घटस्फोटाचं प्रमाण चांगलंच जास्त होतं. लहान वयातली लग्नं, फिरतीवरचे व्यापारी, दूरच्या येशिव्यात, म्हणजे धर्मपाठशाळेत, शिकायला जाऊन न परतणारे जावई, लष्करभरती टाळून पळालेले तरुण. संसार जुन्या देशातही मोडत होते. अमेरिकेने त्यांना पळायला लांबची जागा दिली, एवढंच. या मांडणीवर आक्षेप असा, की घटस्फोट आणि परित्याग यांना एकाच मापाने मोजता येत नाही. जिथे गेट सहज मिळतं तिथे पळण्याची गरजच कमी.

तिसरा गट प्रश्न विचारणाऱ्यालाच प्रश्न विचारतो. ॲना इग्रा यांनी २००७ च्या पुस्तकात डिझर्शन ब्यूरोच्या फायलींतून असं मांडलं, की ब्यूरोची खरी काळजी बाईच्या सुखापेक्षा मदतनिधीची होती. नवरा सापडला की त्याच्याकडून पैसे वसूल होतील, म्हणजे संस्थेवरचा बोजा उतरेल. न्यूयॉर्क राज्याने १९१५ मध्ये मुलांच्या संगोपनासाठी जो भत्ता सुरू केला तो विधवांना होता, परित्यक्तांना नव्हता. नवरा मेला असता तर बरं, असा तो कायदा बाईला सांगत होता, असं म्हटलं तर ते अतिशयोक्त वाटेल. पण त्या दोन बायकांच्या चुलीत फरक काय होता हे सांगणं अवघड आहे. ब्यूरोच्या बाजूनेही बोलायला हवं. त्या काळी अशी सेवा देणारं दुसरं कोणी नव्हतं, बायका स्वतःहून तिथे येत, आणि पुष्कळ प्रकरणांत त्यांना हवं होतं तेच ब्यूरोला हवं होतं: नवऱ्याचा पत्ता.

चौथी मांडणी स्थलांतराच्या अभ्यासकांची. गुर आल्रोय यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्थलांतर-कचेऱ्यांकडे आलेली पत्रं तपासली. त्यांत बायका रडत बसलेल्या नाहीत. त्या विचारतात: इतक्या मुलांना किती लागेल, कोणत्या बंदरातून स्वस्त, डोळे खराब असतील तर आधी उपचार करावेत का, आणि नवरा ज्या पत्त्यावर आहे म्हणतो तिथे तो खरंच आहे का हे कळवाल का. इथे ताटातूट हा डाव आहे, कुटुंबाने मिळून टाकलेला आणि बहुतेक वेळा जिंकलेला. टाकलेल्या बायकांच्या फायली हे हरलेल्या डावांचं दप्तर; त्यावरून खेळाचा अंदाज बांधू नये, असं या अभ्यासकांचं सुचवणं.

ब्लूमा गोल्डस्टीन यांनी याला आणखी एक वळण दिलं. सतराव्या शतकातल्या कथनांपासून 'फॉरवर्ट्स'पर्यंत अगुनेची गोष्ट कोण सांगतं, हा त्यांचा प्रश्न. बहुधा पुरुष सांगतात, आणि त्या सांगण्यात कायद्याची रचना नजरेआड होऊन एका वाईट नवऱ्याची कथा उरते. मला हे म्हणणं बऱ्याच अंशी पटतं, फक्त एक पुस्ती जोडावीशी वाटते. 'हामागिद'मधल्या विनवण्या बायकांनी केल्या होत्या, लेखणी दुसऱ्याची असली तरी. त्यांना कायद्याची रचना बदलायची नव्हती, त्यांना तो विशिष्ट माणूस हवा होता. किंवा त्याची सही.

येकल, म्हणजे जेक

दस्तऐवज जिथे गप्प होतात तिथे अभ्यासक कादंबरीकडे वळले, आणि बहुधा एकाच पुस्तकाकडे. 'फॉरवर्ट्स'च्याच काहान यांनी १८९६ मध्ये इंग्रजीत 'येकल' लिहिली. येकल अमेरिकेत जेक झालाय, कपड्यांच्या कारखान्यात काम करतो, नाचायला जातो, आपलं लग्न झालंय हे सांगत नाही. तीन वर्षं पैसे मात्र पाठवतो आहे. वडील गेल्याचं पत्र येतं. ते त्याला स्वतःला वाचता येत नाही, दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागतं. मग तो बायकोला आणि मुलाला बोलावून घेतो. एलिस आयलंडवर त्याची बायको गिटल विग घालून, गावच्या पोशाखात समोर उभी राहते आणि जेकच्या पोटात खड्डा पडतो.

जोन मिकलिन सिल्व्हर यांनी यावर १९७५ मध्ये 'हेस्टर स्ट्रीट' हा कृष्णधवल चित्रपट काढला, बराचसा यिडिशमध्ये. कॅरोल केनला गिटलच्या भूमिकेसाठी ऑस्करचं नामांकन मिळालं. त्यातला घटस्फोटाच्या सौद्याचा प्रसंग विसरता येत नाही. वकील रक्कम सांगतो, गिटल गप्प. तो वाढवतो, ती गप्प. त्याला वाटतं बाई घासाघीस करते आहे; ती नुसती बसली आहे, आणि आकडा चढत जातो. पैसे जेकच्या नव्या मैत्रिणीने मशीनवर बसून साठवलेले. शेवटी जेक कफल्लक होऊन दुसऱ्या लग्नाला निघतो आणि गिटल त्या पैशातून किराण्याचं दुकान टाकायचा बेत करते.

पुरावा म्हणून या गोष्टीचं मोल किती यावर एकमत नाही. काहान वस्तीत राहत होते, त्यांनी पाहिलं तेच लिहिलं, असं एक मत. दुसरं असं, की गिटलला गेट मिळतं, पैसे मिळतात, दुसरा भला माणूसही मिळतो. फायलींमधल्या बायकांना यातलं एकही क्वचितच मिळालं. शोलेम आलेखेम यांचा मेनाखेम-मेंडल त्या मानाने फायलींच्या जवळ आहे. तो घर सोडून ओडेसाच्या बाजारात नशीब काढायला जातो आणि तिथून आशेने फुगलेली पत्रं पाठवत राहतो; बायको गावातून शिव्या घालत उत्तरं देते. कायद्याने तिला कोणी टाकलेलं नाही. नवरा फक्त येत नाही.

आपल्या किनाऱ्याचा धागा

या सगळ्या कथेत मराठी माणूस कुठे येतो असं कोणी विचारलं तर एका ठिकाणी येतो. अलिबाग, रेवदंडा, पनवेल, ठाणे, मुंबई या पट्ट्यातले बेने इस्रायल १९४८ नंतर मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. मराठी बोलणारा, कोकणात 'शनवार तेली' म्हणून ओळखला गेलेला हा समाज. तिथे त्यांच्या ज्यूपणाविषयी शंका निघाली आणि तिचं मूळ नेमकं या लेखाच्या विषयात होतं. शतकानुशतकं रब्बी नसलेल्या या समाजात मोडलेली लग्नं शास्त्रशुद्ध गेटने मोडली होती का? नसतील, तर त्यानंतरच्या लग्नांची संतती कोणती? मुख्य रब्बीपीठाने १९६१ मध्ये विवाहाला मुभा दिली, पण १९६२ मधल्या निर्देशांत बेने इस्रायल वधूवरांची वंशावळ मागच्या पिढ्यांपर्यंत तपासायला सांगितली. समाजाने जेरुसलेममध्ये धरणं धरलं. ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटमध्ये, म्हणजे इस्रायलच्या संसदेत, ठराव झाला आणि रब्बीपीठाने निर्देशातून समाजाचं नाव काढलं.

लोअर ईस्ट साइडमध्ये एका बाईच्या हातात कागद नव्हता म्हणून ती अडकली. इथे कोणा एका बाईचा कागद पणजीच्या काळात असेल की नसेल या संशयावर सगळा समाज अडकला.

काय सुटलेलं नाही

संख्येचा प्रश्न आहे तिथेच आहे. धर्मादाय संस्थेने फक्त मदत मागायला आलेल्या बायका मोजल्या. ज्या शिवणकाम करून, खोलीत भाडेकरू ठेवून निभावून गेल्या त्या कुठेच नाहीत. एकच नवरा तीनदा पळून तीनदा परत आला तर ती तीन प्रकरणं. काही जोडप्यांनी मदत मिळावी म्हणून ठरवून पळण्याचं नाटक केल्याचा संशय तेव्हाच्या कार्यकर्त्यांनी घेतला होता. तो कितपत खरा आणि कितपत गरिबाविषयीचा नेहमीचा संशय, हे त्यांच्याच नोंदींवरून ठरवता येत नाही. उलट गावातून वाट पाहणाऱ्या आणि न्यूयॉर्कला कधीच न पोचलेल्या बायका अमेरिकी दप्तरात जवळपास नाहीत. युद्धं, क्रांती आणि पुढे नाझींचा संहार यांत त्यांची गावंच पुसली गेली.

मुलांविषयी लिहिलं गेलेलं फार थोडं आहे. पळून जाणाऱ्या बायकांविषयी तर त्याहूनही थोडं, आणि त्या होत्या.

कायद्याचा प्रश्न जिवंत आहे, पण त्याचं रूप बदललं. १९३० मध्ये रब्बी लुई एपस्टाइन यांनी सुचवलं की लग्नातच नवऱ्याने बायकोला गेट लिहवून घेण्याचा अधिकार देऊन ठेवावा. सनातनी रब्बींनी ते कडाडून नाकारलं. १९५३ मध्ये कन्झर्व्हेटिव्ह पंथाने विवाहपत्रात नवं कलम घातलं. १९८३ मध्ये न्यूयॉर्क राज्याने कोर्टाचा घटस्फोट मागणाऱ्याने समोरच्याच्या धार्मिक पुनर्विवाहातला अडथळा दूर करावा असा कायदा केला. धर्म आणि राज्य यांच्या सीमेवर तो बसतो की ती ओलांडतो यावर वकील अजून भांडतात. इस्रायलने १९९५ मध्ये गेट नाकारणाऱ्यावर निर्बंधांचा कायदा केला, अगदी वाहन परवान्यापासून तुरुंगापर्यंत. सनातनी वर्तुळांत लग्नाआधीचा करार रुळतो आहे. आजची अगुना बहुधा अशी, की नवऱ्याचा पत्ता तिला पाठ आहे, फोन नंबरही आहे, आणि तो गेट देत नाही. हरवलेल्या नवऱ्यासाठी घडवलेली शास्त्राची सवलत तिला उपयोगी पडत नाही.

नॅशनल डिझर्शन ब्यूरोने १९५५ मध्ये नाव बदललं. जुन्या फायली आता न्यूयॉर्कच्या यिवो या ज्यू संशोधन संस्थेत आहेत. खोकी उघडायची राहिलेली नाहीत, पण वाचायची बरीच राहिली आहेत. आणि फाइल उघडणाऱ्याला पहिली अडचण येते ती नावाची. बायकोने सांगितलेलं एक, कारखान्यातलं दुसरं, आणि तो माणूस शेवटी ज्या शहरात सापडला तिथल्या घरमालकिणीला माहीत असलेलं तिसरं.